फ्रागोनारचा ‘झोका’: एका धीट फर्माइशीचं चित्र कसं झालं

ऑक्टोबर १७६७ मध्ये पॅरिसचा नाटककार शार्ल कोले याने आपल्या रोजनिशीत एक प्रसंग नोंदवून ठेवला. तो त्याला सांगितला होता चित्रकार गाब्रिएल-फ्रान्स्वा द्वायाँ याने. दरबारातल्या एका गृहस्थाने द्वायाँला बोलावून घेतलं आणि एका चित्राची फर्माईश केली. गृहस्थाची प्रेयसी तिथेच होती. तिच्याकडे निर्देश करून तो म्हणाला, यांना झोक्यावर बसलेलं रंगवा, झोका एक बिशप हलवत असू दे, आणि मला अशा जागी ठेवा की या सुंदरीचे पाय मला दिसतील. चित्रात आणखी रंगत आणायची असेल तर त्याहून जास्त दिसलं तरी चालेल, असंही त्याने सुचवलं.

द्वायाँ चक्रावून गेला. त्याच वर्षीच्या सालोंमध्ये, म्हणजे राजाच्या कला अकादमीच्या जाहीर प्रदर्शनात, त्याचं नाव गाजलं होतं ते एका भव्य धार्मिक चित्रामुळे. पॅरिसची रक्षणकर्ती संत जनव्हिएव्ह हिच्या कृपेने महामारीतून सुटणारी माणसं त्याने पॅरिसच्या सेंट-रॉक चर्चसाठी रंगवली होती. ते चित्र आजही त्याच चर्चमध्ये आहे. असं काम केलेल्या माणसाकडे कुणी बिशपने हलवलेला झोका मागेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तरी तो नुसता नकार देऊन उठला नाही. कोलेच्या नोंदीप्रमाणे त्याने आपल्या परीने भरच घातली: बाईंच्या सपाता हवेत उडू द्या आणि मदनाच्या बाळांना त्या झेलू द्या. मग मात्र काम अंगावर न घेता त्याने दुसऱ्या चित्रकाराचं नाव सुचवलं. झाँ-ओनोरे फ्रागोनार.

कलेच्या इतिहासात गिऱ्हाइकाने काय मागितलं आणि त्याच्या हातात काय पडलं, या दोन्ही गोष्टी एकत्र फार क्वचित सापडतात. इथे मागणी रोजनिशीत आहे आणि चित्र लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात भिंतीवर आहे. दोन्ही शेजारी ठेवली की फ्रागोनारने काय गाळलं, काय ठेवलं आणि काय फिरवलं ते स्पष्ट दिसतं. माझं म्हणणं असं आहे की या चित्रातली गंमत त्याच्या चावटपणामुळे टिकलेली नाही. गिऱ्हाइकाने उघड मागितलेली गोष्ट फ्रागोनारने खुणांमध्ये वाटून टाकली, आणि त्या खुणांची सगळी सूत्रं झोक्यावरच्या बाईच्या हाती दिली. म्हणून ते टिकलं.

फ्रागोनार तेव्हा कुठे होता

फ्रागोनारचा जन्म १७३२ चा, दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावचा. थोडा काळ शार्दँ आणि मग बूशे या नामवंत चित्रकारांकडे तो शिकला, १७५२ मध्ये त्याने अकादमीचं रोमचं पारितोषिक मिळवलं आणि काही वर्षं इटलीत काढली. रोमजवळच्या तिवोलीतल्या व्हिला देस्तेची बाग त्याने तिथे रेखाटली. जुनी उंच झाडं, कारंजी, शेवाळलेले पुतळे, फांद्यांमधून गळणारा उजेड हे सगळं त्याच्या हातात तिथेच भिनलं. ‘झोका’ची बाग फ्रान्सची असली तरी तिच्या दाट, धुरकट झाडीला तिवोलीची सवय आहे.

१७६५ च्या सालोंमध्ये प्राचीन ग्रीक कथेवरचं त्याचं मोठं चित्र नावाजलं गेलं. ते राजासाठी विकतही घेतलं गेलं, पण पैसे मात्र वर्षानुवर्षं रखडले. दोनच वर्षांनी, १७६७ च्या सालोंमध्ये त्याने आकाशात तरंगणाऱ्या बाळांचा एक समूह मांडला, तेव्हा समीक्षक दिदरोने त्याला बाळांचं मोठं, छान ऑम्लेट म्हणून निकालात काढलं. म्हणजे द्वायाँने नाव सुचवलं तेव्हा फ्रागोनार एका वळणावर उभा होता. इतिहासचित्रं रंगवून अकादमीत वर चढायचं, की पैसेवाल्या रसिकांच्या खासगी दालनांसाठी छोटी चित्रं करायची? त्याने दुसरी वाट धरली. अकादमीचं पूर्ण सभासदत्व मिळवण्यासाठी लागणारं चित्र त्याने पुढे कधीच सादर केलं नाही. काहींना यात प्रतिभेची नासाडी दिसली. मला तसं वाटत नाही. ज्याला हलता प्रकाश आणि हलतं कापड इतकं साधतं, त्याने रोमन सेनापती रंगवत बसावं असा नियम कुणी केला?

चित्रात काय आहे

चित्र जेमतेम ८१ सेंटिमीटर उंच आणि ६४ सेंटिमीटर रुंद आहे. छापील पुस्तकांतून आणि पडद्यावर ते इतकं पाहिलेलं असतं की मनात त्याचा आकार मोठा झालेला असतो. प्रत्यक्षात ते जवळ जाऊन, एकट्याने किंवा दोघांनी पाहायचं चित्र आहे. खासगी दालनातल्या चित्राला हेच माप शोभतं.

मधोमध, उजेडाच्या झोतात, गुलाबी रेशमी झग्यातली तरुणी. लाल गादीच्या बैठकीवर बसून ती झोक्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर पोचली आहे. डोक्यावर मेंढपाळणीची असते तशी सपाट हॅट. उजवीकडे सावलीत एक वयस्क माणूस बसला आहे आणि झोक्याला बांधलेल्या दोऱ्या त्याच्या हातात आहेत. डावीकडे खाली, गुलाबाच्या झुडपांत, एक तरुण आडवा पडून वर पाहतो आहे. त्याचा एक हात पुढे ताणलेला आहे आणि त्या हातात हॅट आहे. त्या काळी बायका झग्याआड मोजे आणि गुडघ्याजवळचे बंद घालत, पण आज आपण आतले कपडे म्हणतो तसं काही घालत नसत. तरुणाला काय दिसत असेल हे १७६७ च्या पॅरिसमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं. आणि आपल्याला, चित्रापुढे उभं असणाऱ्यांना, त्यातलं काहीच दिसत नाही. फ्रागोनारने आपल्याला बाजूला उभं केलं आहे. मोजा दिसतो, झग्याच्या आतल्या झालरींचा फेस दिसतो, आणि पुढचं सगळं त्या तरुणाच्या चेहऱ्यावर वाचायचं. गिऱ्हाइकाने जे ‘जास्त’ मागितलं होतं ते चित्रात आहेही आणि नाहीही.

आता सपात. द्वायाँने सपाता म्हटलं होतं, अनेकवचनी, आणि झेलायला मदनाची बाळं. फ्रागोनारने एकच उडवली आणि झेलायला कुणी ठेवलं नाही. तरुणीच्या उंचावलेल्या पायातून ती सुटली आहे आणि हवेत अधांतरी आहे. द्वायाँच्या कल्पनेत सपात अलगद झेलली जाऊन प्रसंग पूर्ण झाला असता. बाळं पौराणिक, त्यामुळे सगळा मामला एका गोड रूपकात विरघळला असता. फ्रागोनारची सपात खाली येणार आहे, कुठे ते ठाऊक नाही. पायातून निसटलेला जोडा म्हणजे कौमार्य गमावणं किंवा देऊन टाकणं, हा संकेत त्या काळच्या चित्रांत आणि गोष्टींत रुळलेला होता. इथे ते निसटणं चुकून झालेलं नाही. झोक्याच्या टोकाला पोचल्यावर पाय असा झटकायला थोडा बेत लागतो.

जिवंत बाळं फ्रागोनारने काढून टाकली खरी, पण मदनाला त्याने दगडात आणून बसवलं. डावीकडे चौथऱ्यावर जो पंखवाला मुलगा ओठांवर बोट ठेवून बसला आहे, तो शिल्पकार फाल्कोनेचा ‘धमकावणारा मदन’. मूळ संगमरवरी मूर्ती पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्यासाठी घडवलेली होती आणि ती १७५७ च्या सालोंमध्ये मांडली गेली. पुढे सेव्ह्रच्या कारखान्यातून चिनी मातीच्या छोट्या प्रतिकृती निघाल्या आणि त्या श्रीमंत घरांत शोभेच्या टेबलांवर पोचल्या. म्हणजे हा पुतळा पाहणाऱ्याच्या ओळखीचा. आणि ज्याला तो ओळखीचा आहे त्याला हेही ठाऊक, की फाल्कोनेच्या मूळ मूर्तीत एक हात ओठांवर असताना दुसरा भात्यातला बाण काढायला गेलेला असतो. गप्प राहा, असं तो म्हणतो, आणि त्याच वेळी नेम धरायच्या तयारीतही असतो. एका हातात कारस्थान आणि दुसऱ्या हातात इशारा. हा पुतळा इथे आणणं हे या चित्रातलं सर्वांत हुशार काम आहे असं मी मानतो, कारण त्या बोटामुळे पाहणारासुद्धा कटात ओढला जातो. आता आपणही त्या म्हाताऱ्यापासून काहीतरी लपवतो आहोत.

उजव्या बाजूला, म्हाताऱ्याजवळ, दोन बाळांचं आणखी एक शिल्प आहे. खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटा पांढरा कुत्रा भुंकतो आहे. कुत्रा ही निष्ठेची खूण, विवाहाच्या चित्रांतून शतकानुशतकं चालत आलेली. म्हणजे चित्राच्या एका टोकाला मदन ‘शू’ म्हणतो आणि दुसऱ्या टोकाला निष्ठा भुंकून भुंकून सावध करते. म्हातारा सावलीत हसतमुख दोऱ्या सांभाळत बसला आहे. कुत्र्याचं कुणीच ऐकत नाही.

पाहणाऱ्याला हे सगळं कळायचं कसं

या खुणांना आपण छुप्या म्हणतो, पण त्या शोधायला त्या काळी ग्रंथ उघडावे लागत नव्हते. चित्रं पाहणारी, नाटकं पाहणारी, बागेत फिरायला जाणारी मंडळी हीच भाषा रोज बोलत होती. बूशेने १७४७ मध्ये एक मेंढपाळ आणि एक मेंढपाळण रंगवली, एकमेकांना द्राक्षं भरवताना. चित्राच्या नावातच प्रश्न होता: त्यांचं लक्ष द्राक्षांकडे आहे का? इतक्या उघडपणे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणालाही देता येत होतं.

झोकाही जुनाच. आधीच्या पिढीतले चित्रकार वातो आणि लांक्रे यांच्या बागेतल्या चित्रांत झोक्यावरच्या बायका आधीच येऊन गेल्या होत्या. पुढे जाणं, मागे येणं, पुन्हा पुढे जाणं, यातून बाईच्या मनाचा चंचलपणा सुचवला जाई, आणि झोक्याच्या लयीतून शरीरसुखही. पहिला अर्थ बायकांवर अन्याय करणारा आहे हे उघड आहे. तो त्या काळाचा आहे आणि तो पुसून टाकून चित्र समजणार नाही.

तुलनेसाठी त्याच काळातला चित्रकार ग्रझ घ्यावा. १७६५ च्या सालोंमध्ये त्याने एक मुलगी मांडली, मेलेल्या पक्ष्याच्या पिंजऱ्यापाशी हातावर डोकं टेकून दुःखात बुडालेली. दिदरोने त्या चित्रावर पानंच्या पानं लिहिली. एका पक्ष्यासाठी एवढं दुःख नसतं हे ओळखून तो जणू तिच्याशी बोलतच बसला आणि काय घडलं असेल ते तिच्याकडून हळूहळू काढून घेऊ लागला. काही वर्षांनी ग्रझनेच फुटका घडा हातात अडकवलेली मुलगी रंगवली. ती आज लुव्रमध्ये आहे. पक्षी, घडा आणि फ्रागोनारची सपात या तिन्ही गोष्टी एकाच घटनेकडे बोट दाखवतात. पण ग्रझच्या मुली घडून गेल्यानंतरच्या आहेत. त्यांच्यापाशी उरली आहे ती शरम आणि पाहणाऱ्याची कणव, आणि त्या कणवेत चोरून पाहण्याचा आनंदही मिसळलेला आहे, हे मला ग्रझबद्दल नेहमी खटकतं. फ्रागोनारची तरुणी घडण्याच्या क्षणात आहे आणि तिला कशाचीही खंत नाही. तिच्यावर कुणी दया करावी अशी जागाच चित्रात नाही.

सूत्रं कुणाच्या हाती

फर्माइशीत चित्राचा मालक तो गृहस्थ होता. बाई दाखवायची वस्तू, बिशप विनोदाचा विषय, आणि पाहणारा तो स्वतः. चित्रात ही मांडणी उलटलेली आहे. तरुण जमिनीवर, झुडपात कलंडलेला, तोल गेल्यासारखा. म्हातारा अंधारात, ज्याला वाटतं की झोका आपण चालवतो. दोघांच्या मध्ये आणि दोघांच्या वर ती. तिला खाली पडलेला तरुण दिसतो, ती त्याच्याकडेच पाहते आहे, आणि कुणाला किती दिसावं हे तिच्या पायाच्या एका हालचालीवर ठरतं. रंगांनीही हेच सांगितलं आहे. सगळी बाग निळसर हिरव्या धुक्यात बुडवून फ्रागोनारने गुलाबी रंग जवळपास तिच्या एकटीसाठी राखला. झग्यावरचे कुंचल्याचे फटकारे इतके भरभर आणि हलके आहेत की कापड अजून वाऱ्यात आहे असं वाटतं.

याने ती स्वतंत्र झाली असं म्हणणं बरोबर होणार नाही. चित्र एका पुरुषाच्या पैशाने झालं, त्याच्या डोळ्यांसाठी झालं, आणि ती त्याची प्रेयसी होती. तिला काय हवं होतं ते कोलेनेही विचारलं नाही. पण मागणी आणि चित्र यांच्यातलं अंतर मोजायचं असेल तर ते इथेच सर्वांत जास्त आहे. मागणीत तिला बसवून हलवायचं होतं. चित्रात हलते ती, आणि बाकीचे दोघे बसलेले आहेत.

चित्राचा पुढचा प्रवास

हे चित्र कधीच सालोंमध्ये लागलं नाही. लोकांपर्यंत ते पोचलं १७८२ मध्ये, निकोला द लोने याने केलेल्या कोरीव छापचित्रातून. त्याचं नाव होतं ‘झोक्याचे सुखद योगायोग’, जणू वारा सुटला, सपात उडाली, आणि कुणाचा काही बेत नव्हताच. मूळ चित्राचा ज्याच्याबद्दल खात्रीने सांगता येतं असा पहिला मालक मेनाज द प्रेसिन्यी क्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, गिलोटिनखाली गेला. एकोणिसाव्या शतकात ते तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मोर्नी याच्याकडे होतं. १८६५ मध्ये त्याच्या संग्रहाच्या विक्रीत इंग्रज संग्राहक लॉर्ड हर्टफर्डने ते घेतलं, आणि तिथून ते वॉलेस कलेक्शनमध्ये आलं. २०२१ मध्ये त्याची साफसफाई झाली. पिवळं पडलेलं जुनं वॉर्निश काढल्यावर झाडीतला निळा आणि झग्याचा गुलाबी पुन्हा उघडे झाले. आधीच्या छापील प्रतींत जो उबदार, सोनेरी सायंप्रकाश दिसायचा तो बराचसा वॉर्निशचा होता. नवी छायाचित्रं पाहणाऱ्याला आता ताजी, थंड हवा दिसेल, आणि मला ती या प्रसंगाला जास्त शोभते.

फ्रागोनार १८०६ मध्ये पॅरिसमध्ये वारला. ज्याने ही फर्माईश त्याच्याकडे वळवली तो द्वायाँही त्याच वर्षी गेला, दूर रशियात, सेंट पीटर्सबर्गमध्ये.

म्हातारा कोण?

राहिला बिशप. फर्माइशीत तो स्पष्ट होता. हा गृहस्थ म्हणजे फ्रान्सच्या धर्मसंस्थेच्या महसुलाचा अधिकारी बॅरन द सेंट-झुलियाँ, असं परंपरेने मानलं जातं. ते खरं असेल तर बिशपला झोका हलवायला लावण्यात आपल्याच खात्याच्या वरिष्ठांची टिंगल होती. ही ओळख सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, आणि कोलेच्या नोंदीत गृहस्थ निनावीच आहे. पण टिंगल ज्याची कुणाची असो, ती फ्रागोनारने चित्रात येऊच दिली नाही. दोऱ्या धरणारा माणूस साध्या कपड्यांत आहे. ना क्रूस, ना धर्मगुरूचा झगा.

यामुळे प्रत्येक पिढीने त्याला आपल्याला हवा तो माणूस केला आहे. बरेच जण त्याला नवरा समजतात, कुणी पालक म्हणतं, आणि कोलेची रोजनिशी वाचलेले लोक नसलेला बिशप पुन्हा त्याच्यात पाहतात. माझं मत नवऱ्याकडे झुकतं, कारण कुत्रा त्याच्या बाजूला आहे, आणि भुंकणाऱ्या निष्ठेचा संबंध धर्मगुरूपेक्षा नवऱ्याशी जास्त लागतो. पण फ्रागोनारने तो ठरवून दिलेला नाही आणि तेच चित्राच्या पथ्यावर पडलं. बिशप राहिला असता तर हे एका गृहस्थाच्या ओळखीतल्या चार जणांनाच कळणारं, त्या वर्षापुरतं टवाळ चित्र झालं असतं, आणि १७८२ मध्ये त्याचं छापचित्र उघड्या बाजारात विकणं फार अवघड गेलं असतं. बिशप गेल्यावर उरली ती तीन माणसं आणि एक सपात, आणि ती कुठल्याही शहरातल्या पाहणाऱ्याला ओळखता येत होती.